दहा टक्के गिळणाऱ्या शेठना एका एक टक्केवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
श्रीमान लेआउटवाले शेठ,
मु. पो. नांदेड, शाखा लातूर.



पत्रास कारण की, परवा तुमच्या ऑफिसात मी एक सूचना मांडली आणि तुम्हाला एकदम गरिबांची आठवण झाली. घराच्या, प्लॉटच्या प्रत्येक रजिस्ट्रीवर महापालिकेच्या नावानं जो एक टक्का घेतला जातो, त्यातले निदान चार आणे वेगळ्या खात्यात टाकावेत आणि त्यातून शहरातल्या मोकळ्या जागा विकत घ्याव्यात, राखाव्यात, एवढंच मी म्हणालो. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "मग गोरगरिबानं घर बांधायचं कसं? मोकळी जागा काय चाटायची आहे का?" असं विचारलंत. आवाज दाटून आला होता तुमचा. गोरगरिबांना चौरस फुटाच्या भावानं जमीन विकता विकता तुमचं काळीज इतकं मऊ झालं असेल, याची आम्हाला कल्पना नव्हती. त्या गहिवरातून सावरलात की हे पत्र वाचा. सवडीनं वाचा, यात तुमचं कौतुकच जास्त आहे.

शहरात जमीन वाढत नाही, असं शाळेतले गुरुजी सांगायचे. तुम्ही ती वाढवून दाखवलीत. माझ्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली आहे: पूर्वेस ओपन स्पेस, पश्चिमेस नऊ मीटर रस्ता. नकाशात तो तुकडा हिरवा रंगवला होता आणि त्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणाला होता, "इथं बगीचा होणार. पोरं खेळतील, म्हातारी माणसं बसतील." त्या हिरव्या रंगाचे पैसे तुम्ही प्लॉटच्या भावात धरून घेतलेतच. आज पूर्वेस तुमचं मंगल कार्यालय आहे. एकच जमीन आधी आम्हाला देखावा म्हणून विकली आणि आता लग्नसराईत दिवसाच्या भाड्यानं पुन्हा विकता. शेतकऱ्याला एका रानात दोन पिकं घ्यायला पाणी लागतं. तुम्हाला तेही लागत नाही.

आणि हे किती हळुवारपणे केलंत! आधी तिथं तुमची वाळू-खडी पडली, "दोन महिन्यांपुरती". वाळूच्या राखणीला पत्र्याची खोली आली. खोलीला लाईटचं मीटर आलं. मीटर आलं की घरपट्टी लागते, आणि घरपट्टीची पावती हातात आली की ती मुंतखबापेक्षा जुनी असल्यासारखी दाखवता येते. मग पत्रा गेला, स्लॅब आला, कमान आली, कमानीवर गणपती आला. कुणालाच कधी कळलं नाही की नेमकं कोणत्या दिवशी भांडायला हवं होतं.

तुमच्या हातोटीचा दुसरा नमुना गणिताचा आहे. रेखांकनाखालची जमीन ४,००० चौरस मीटरच्या वर गेली की दहा टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी ठेवावी लागते. २०२० साली मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हे आहे. आता एक एकर भरतो ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे नियम एकराच्या बांधावर येऊन उभा राहतो. तुम्ही काय केलंत? एकराचे दोन वाटे केलेत, एक थोरल्याच्या नावावर आणि एक धाकट्याच्या. दोन्ही वाटे ४,००० च्या आत, दोन्हीकडे मोकळी जागा शून्य. मराठवाड्यात वाटण्यांपायी डोकी फुटली, भाऊ भावाच्या मयताला गेला नाही. तुमच्या घरी मात्र वाटणी नगररचना विभागाच्या टेबलापुरती झाली आणि संध्याकाळी सगळे एकाच पंगतीला बसले. असा बंधुभाव घरोघरी नांदो.

जिथं वाटणीचा डाव जमला नाही तिथं तुम्ही दहा टक्के सोडलेत आणि लगोलग देवाला पुढं केलंत. आधी ओटा, मग शेंदूर, मग सभामंडप, मग मंडपाच्या कडेनं रस्त्याकडे तोंड करून पाच गाळे. देव आहे म्हणून कुणी बोलत नाही आणि गाळ्यांचं भाडं कुठं जातं हे देवही विचारत नाही. सार्वजनिक जागेवर नवं बेकायदा धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली दिला. तुमच्या ओट्यापर्यंत तो अजून पोचायचा आहे. वाटेत खड्डे फार आहेत, त्याचाही इलाज नाही.

आणि जिथं एनए, रेखांकन, मंजुरी ही सगळीच कटकट वाटली, तिथं सरळ बॉण्डवर गुंठे विकलेत. रजिस्ट्री नाही, मुद्रांक नाही, तो एक टक्काही नाही. सरकारनं २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला, २०२१ साली त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्यांना नियमित व्हायची वाट करून दिली. राहणाऱ्यांची घरं वाचली हे चांगलंच झालं, त्यांचा काय दोष? पण घर नियमित करता येतं, रस्ता नियमित करता येतो. जे मैदान कधी सोडलंच नाही ते कोणत्या अर्जावर नियमित करायचं, हे तुमच्यासारख्या जाणकारानं सांगावं.

आता त्या एक टक्क्याकडे येऊ, कारण तुमचा खरा सल तिथं आहे.

नांदेड-लातूर या आपल्या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत खरेदीखत करायचं तर पाच टक्के मुद्रांक शुल्क आणि त्यावर स्थानिक संस्थेसाठी एक टक्का. तीस लाखांचा व्यवहार असेल तर एक लाख ऐंशी हजार, त्यातले तीस हजार शहराच्या नावाचे. नोंदणी फी आणखी वेगळी. जकात होती ती गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला, २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातूनही सुटका झाली. रजिस्ट्रीवरचा हा एक टक्का मात्र तसाच राहिला. दुय्यम निबंधकाकडे तो जमा होतो, सरकारच्या तिजोरीत जातो आणि अनुदान म्हणून कधीतरी महापालिकेकडे उतरतो. उतरला की पगारात, वीजबिलात, डांबरात मिसळून जातो. म्हणजे शेठ, ज्या कराच्या नुसत्या कल्पनेनं तुमचा कप थरथरला, तो कर आम्ही आजच भरतोय. मी नवा रुपया मागितलेला नाही. जुन्या रुपयातल्या चार आण्यांना पत्ता द्या म्हणालो. तीस लाखांच्या व्यवहारात ते होतात साडेसात हजार. मुहूर्ताच्या मांडवाला तुम्ही याहून जास्त घालवता.

"असं एकेका कामाला कर बांधता येत नाही," हेही तुम्ही म्हणालात. येतं. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथं रजिस्ट्रीवर मेट्रोच्या, शहर वाहतुकीच्या नावानं आणखी एक टक्का घेतात. रूळ टाकायला खरेदीखतातून पैसा निघतो, मग मैदान राखायला का निघू नये? आणि एवढं लांब कशाला जायचं? रोजगार हमीचं काय झालं होतं? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली. पुढं १९७५ साली नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर लागला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि शहरातल्या पगारातून कापलेला रुपया दुष्काळी गावातल्या मजुरीला जोडला गेला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेची पुढं दिल्लीनं दखल घेतली. कराला पत्ता देण्याची अक्कल महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वी होती. आता ती कुणाच्या ओपन स्पेसवर पडून आहे, ते शोधायला हवं.

तुमचे चिरंजीव अमेरिकेत असतात, त्यांना फोन लावून विचारा. नँटकेट नावाचं छोटं बेट आहे तिकडं. बंगल्यांनी किनारा गिळायला सुरुवात केली तेव्हा १९८३ साली त्यांनी ठरवलं, जो कुणी इथं जमीन-घर विकत घेईल त्यानं दोन टक्के द्यायचे आणि त्या पैशातून मोकळी जमीन सगळ्यांसाठी विकत घ्यायची. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला पाच गावांनी १९९८ साली मतदान घेऊन हाच दोन टक्क्यांचा कर लावून घेतला. लावून घेतला म्हणतो, कारण तो लोकांनीच मागितला. तिथं घराच्या किमतीचा पहिला ठरावीक हिस्सा करातून वगळलेला आहे, म्हणजे छोटं घर घेणाऱ्याला झळ कमी आणि टोलेजंग बंगलेवाल्याला जास्त. तुमच्या गरिबांची काळजी तिकडच्यांनी आधीच करून ठेवली आहे. आपल्याकडेही पंधरा-वीस लाखांपर्यंतचं पहिलं घर खुशाल वगळा. मग तक्रार करायला कोण उरतं, तेवढं बघा.

तरी तुमचा विरोध राहणारच, कारण तुम्ही या एक टक्क्यालाही आधीच तोंड लावलेलं आहे. व्यवहार ठरतो तीस लाखांचा आणि खरेदीखतात लिहिले जातात अठरा, कारण रेडी रेकनर तेवढंच सांगतो. बारा लाख पिशवीतून येतात. गिऱ्हाईकाला तुम्ही समजावता, "तुमचेच पैसे वाचतात हो." त्या बारा लाखांवरचे बारा हजार शहराचे होते. असे शंभर प्लॉट विकले की एका लेआउटमागे शहराचे बारा लाख गेले. आधी तुम्ही मोकळी जागा खाल्लीत आणि ती परत घ्यायला जो पैसा लागणार होता, तोही खाल्लात. एखादा चोर चीजवस्तू नेतो, पण पोलीस ठाण्याच्या पेट्रोलचे पैसेसुद्धा नेणारा आमच्या पाहण्यात पहिलाच.

मोकळ्या जागेला पैसा कशाला लागतो, असं विचाराल. तुम्हाला ते पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. विकास आराखड्यात शहर बागेसाठी, मैदानासाठी जमिनी राखून ठेवतं. जमीन मालकाचीच राहते, फक्त त्यावर आरक्षणाची रेघ येते. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. यात मालकाचा दोष नाही. स्वतःच्या जमिनीकडे दहा वर्षं नुसतं बघत बसायला कुणालाच सांगू नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. पगाराची ओढाताण असलेली महापालिका एवढा पैसा आणणार कुठून? म्हणून चोवीस महिने फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरते आणि बागेची रेघ पुसली जाते. ती पुसायची वाट बघत, कमी भावात विसार देऊन, टपून कोण बसलेलं असतं ते मी लिहीत नाही. तुम्ही आरसा बघितलात तरी चालेल.

एक टक्क्यातले चार आणे दरसाल साठत गेले तर त्या चोवीस महिन्यांत चेक फाडायला शहराकडे काहीतरी असेल. सगळ्या जमिनी येणार नाहीत. वर्षाला एक आली तरी दहा वर्षांत दहा मैदानं होतील. आज दहा वर्षांत काय होतं? दहा कमानी.

आता तुम्ही म्हणाल, मोकळ्या जागेवाचून कुणाचं काय अडलंय? लातुरात विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली, सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि त्यानंतर कितीतरी रात्री लातूरकर घरात पाठ टेकायला धजावला नाही. माणसं मैदानात, रस्त्यात, कॉलेजच्या पटांगणात झोपली. आज तशी पहाट उगवली तर तुमच्या लेआउटमधल्या माणसानं कुठं अंथरूण टाकायचं? मंगल कार्यालयात? बुकिंग असेल ना! त्याच लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आलं. जिल्ह्याच्या जमिनीत वनाचा वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही. अशा गावात पाऊस पडतो तेव्हा तो मुरायला चार गुंठे माती तरी हवी की नको? तुम्ही ओपन स्पेसवर पेव्हर ब्लॉक बसवून दिलेत, स्वच्छतेसाठी. पाणी त्यावरून नाल्याकडे पळतं आणि नाल्यावर तुमचाच दुसरा लेआउट आहे.

शिवाय लातूर म्हणजे पॅटर्न. सगळ्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला तिथं खोल्या घेऊन राहतात. पहाटे क्लास, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. धावायला जागा नाही, पण त्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मैदानाचा प्रश्न नीटच्या पेपरात येत नसावा.

नांदेडची कथा वेगळी नाही. २००८ साली शिखांच्या गुरुता-गद्दीला तीनशे वर्षं झाली, केंद्राचा पैसा आला, रस्ते रुंद झाले, गोदावरीचे घाट सजले. फार चांगलं झालं. पण असा सोहळा तीनशे वर्षांनी येतो. तरोड्याच्या, कौठ्याच्या, सिडकोच्या पोरांनी क्रिकेट खेळायला पुढच्या शतकोत्सवाची वाट बघावी, असं काही आपल्या मनात आहे का? बागेला दरवर्षी थोडा पैसा लागतो. पाणी द्यायला, गेट दुरुस्त करायला, आणि मुख्य म्हणजे तुमच्यावर नजर ठेवायला.

ओपन स्पेसबद्दल तुमच्याकडे महापालिकेचा ठराव आहे, हे ठाऊक आहे मला. "सदर जागेचा वापर सामाजिक सभागृहासाठी करण्यास मान्यता." सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. मात्र बंगळूरच्या एका वस्तीत बागेची जागा खासगी दवाखान्याला दिली गेली होती, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. बागेसाठी राखलेली जागा ही वस्तीतल्या लोकांच्या हक्काची आहे, ती कुणाच्या मर्जीनं वाटायची चीज नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. आणि तिथं निदान दवाखाना होणार होता. तुमच्या इथं पंगती उठतात.

तेव्हा शेठ, आमच्या मागण्या अगदी किरकोळ आहेत. एक, एक टक्क्यातल्या चार आण्यांचं वेगळं खातं, आणि त्यात किती आले, कोणती जमीन घेतली, हे दरसाल महापालिकेच्या दारात लावलेल्या एका कागदावर. दोन, प्रत्येक मंजूर लेआउटच्या ओपन स्पेसवर सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि मंजुरीची तारीख लिहिलेली पाटी, आणि तीच यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर, नकाशासकट. तीन, ज्यानं ओपन स्पेस गिळली त्याच्या पुढच्या रेखांकनाला मंजुरी देण्याआधी जुनी जागा मोकळी करून घेणं. चार, पहिल्या छोट्या घराला या चार आण्यांतून सूट, म्हणजे तुम्हाला गरिबांसाठी पुन्हा गहिवरून यायला नको. नगरसेवक मंडळींनाही हे पत्र पाठवतो आहे. तुमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांचे फोटो असतातच, त्यामुळे पत्ता शोधावा लागणार नाही.

आणि तुमचा मान ठेवायला आम्ही कमी पडणार नाही. ज्या दिवशी पहिली जागा मोकळी होईल त्या दिवशी तिथं तुमच्या नावाची पाटी लावू: "ही जागा अमुक शेठ यांनी परत केली." 'दान केली' असं लिहा म्हणालात तर मात्र जमणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो तुमच्याकडे अंमळ जास्त आहे.

आपला,
पूर्वेकडचा एक प्लॉटधारक

ता. क. : तुमच्या एका जमिनीवर बागेचं आरक्षण आहे आणि दहा वर्षं भरताच देण्यासाठी तुम्ही कलम १२७ ची नोटीस टाइप करून ठेवली आहे, असं कानावर आलं. द्या, तो तुमचा हक्क आहे. चार आण्यांचं खातं उघडलं की पहिली जमीन तुमचीच घ्या, असं मी स्वतः अर्ज देऊन सांगणार आहे. मोबदला ठरवताना रेडी रेकनर आणि आसपासची खरेदीखतं बघतात. आसपासची खरेदीखतं म्हणजे तुमच्याच लेआउटची. त्यात लिहिलेला आकडा आम्ही एक पैसाही कमी न करता धरू. अठरा लाखच लिहिला होता ना?